चारशे सतरा नंबरच्या थव्याचं बारसं

वैजयंता देशमाने हिचं लग्न एका रिकाम्या रकान्यानं अडवून धरलं होतं.

बाकी सगळं जुळलं होतं. नवरा मुलगा बेचाळीस वर्षांचा, नवरी मुलगी एकेचाळीसची. तेव्हा नापसंती दाखवण्याइतका उत्साह दोन्ही घरांत कुणाला उरला नव्हता. वैजयंता सोलापूरच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारायची. २०८९ सालीही हे काम माणसाच्याच तोंडानं व्हायचं, कारण यंत्रानं पुकारलेल्या भावावर कांदेवाल्यांचा काही केल्या विश्वास बसला नव्हता. तिचा आवाज असा, की तिनं बाजारात 'एक वार' म्हटलं की रस्त्यापलीकडच्या शाळेत पहिलीची पोरं एका सुरात 'दोन वार' म्हणायची.

नवरदेव मल्लिनाथ बिराजदार लिफ्ट दुरुस्त करायचा. पस्तीस मजली इमारतींनी सोलापूर भरून गेलं होतं, त्यामुळे कामाला तोटा नव्हता, आणि काम अंधाऱ्या शाफ्टमध्ये एकट्यानं करायचं असल्यामुळे ते त्याला मनापासून आवडायचं. तो इतका लाजरा होता, की आरशात स्वतःशी नजरानजर झाली तरी तोच आधी खाली बघायचा.

अडचण होती विवाहनोंदणीच्या अर्जातल्या सातव्या रकान्याची. 'वराचा स्वभाव.' मल्लिनाथनं तिथं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'थवा क्र. ४१७, अनामिक.' आणि नोंदणीचं यंत्र तो अर्ज दर वेळी बाहेर ढकलत होतं. 'आकडा चालणार नाही. नाव लिहा.'

वैजयंतानं यंत्राला मराठीतल्या, कानडीतल्या आणि थोड्या तेलुगूतल्याही शिव्या घालून पाहिल्या. यंत्रानं तिन्ही भाषांत तेच उत्तर दिलं. मग ती तडक स्वभावनोंदणी केंद्रात गेली आणि डॉ. नीलोफर काझी यांच्या टेबलावर तो अर्ज आपटून म्हणाली, "अहो डॉक्टर, कांद्याची प्रत कळत नसेल तर आम्ही 'मिक्स' लिहितो आणि लिलाव उरकतो. तुमच्याकडे मिक्स नाही का?"

"सगळेच मिक्स आहेत," डॉ. काझी म्हणाल्या. "म्हणून तर केंद्र काढावं लागलं. बसा. चहा घेणार?"

चहा येईपर्यंत त्यांनी वैजयंताला जे समजावलं ते असं. माणूस काहीही करत नसतो, तेव्हाही त्याचा मेंदू गप्प नसतो; तो स्वतःशी काहीतरी गुणगुणत असतो. डोक्यावर संवेदकांची टोपी घालून हे गुणगुणणं अकरा मिनिटं ऐकायचं. त्याला म्हणायचं मनोलेख. कायद्यानं एकविसाव्या वर्षी प्रत्येकाचा एक घेतात, आणि लग्नाच्या अर्जाबरोबर पुन्हा एक; थव्याला नवं नाव मिळालं, तर पुढची काही वर्षं दरवर्षी. प्रत्येक मनोलेखाचा नकाशावर एक ठिपका पडतो. ज्यांचं गुणगुणणं एकसारखं त्यांचे ठिपके जवळजवळ बसतात, पक्षी बसावेत तसे. अशा जमावाला म्हणायचं थवा. थव्याला नाव असतं आणि ते नाव नोकरीला, घराला, लग्नाला लागतं, म्हणजे समोरच्याला आधीच कळतं की आपण कुणाशी गाठ मारतोय.

"तुमचंच बघा," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही 'सडेतोड'. थवा क्रमांक बारा."

"ते सांगायला टोपी कशाला लागते?"

"तेच म्हणतेय मी. आणि तुमचे मल्लिनाथ चारशे सतरा. पुरुष, ओढ बायकांकडे, पण स्वतःकडे बघतात ते बाईच्या नजरेनं. आणि कमालीचे लाजरे. असे राज्यात सहाशे आहेत. आपल्या जिल्ह्यात चौदा."

"मग ठेवा की काहीतरी नाव!"

"आम्ही ठेवत नाही. थव्यानंच ठेवायचं. पूर्वी सरकार ठेवायचं, त्यातून दोन मोर्चे आणि एक दंगल झाली. आता थवा पहिल्यांदा ज्या जिल्ह्यात सापडतो, तिथल्या मंडळींनी एकत्र बसून एक नाव द्यायचं."

"चौदा बाप्यांना एक शब्द सुचत नाही?"

"पाच वर्षं बैठका बोलावतेय. एकजण आत आलेला नाही. कॅमेऱ्यात बघितलं तर चौदाच्या चौदा समोरच्या चहाच्या टपरीवर उभे असतात. एकमेकांना ओळखत नाहीत. प्रत्येकजण बघतोय, आत कुणी जातंय का."

वैजयंतानं कपाळावर हात मारला. नव्वद दिवसांत अर्ज पुरा झाला नाही तर तो बाद होणार होता, आणि नवीन अर्ज एक वर्षानं. त्यातले एकतीस दिवस यंत्राशी भांडण्यात गेले होते.

आता एवढ्या लाजऱ्या माणसाचं हिच्याशी जमलं कसं, हे सांगायला हवं. ती एका मनोऱ्यात बाविसाव्या आणि तेविसाव्या मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकली होती. पंधरा मिनिटं ती एकटीच ओरडत होती. मग दाराबाहेरून एक हळू आवाज आला.

"घाबरू नका हं. मी दाराला टेकूनच बसलोय."

"घाबरतंय कोण? चिडायला जागा कमी पडतीये मला इथं. किती वेळ लागेल?"

"चाळीस मिनिटं. सुटा भाग खालून यायचाय."

"मग बोलत राहा काहीतरी. गप्प बसलात तर मी दार खाईन."

बंद दार मध्ये होतं, म्हणून मल्लिनाथ बोलला. जन्मात बोलला नव्हता इतकं बोलला. "लहानपणी लग्नात गेलो की मी पंगतीला पळायचो नाही. ताटाजवळ थांबायचो. तांदळात अंगठीनं नव्या नवरीचं नवं नाव लिहितात ना, ते बघायला. वाटायचं, मलाही कुणी असं ताटात लिहावं."

"म्हणजे तुम्हाला नवरी व्हायचं होतं?"

बाहेर पिशवीतलं एक हत्यार खळकन पडलं. "हो. म्हणजे, लग्न बाईशीच करायचं होतं. मला बायकाच आवडतात. पण सगळे बाप्ये त्यांच्याकडे समोरून बघतात, आणि मी त्यांच्या शेजारी बसून. जुन्या घरांना ओसरी असायची बघा, तसा आहे मी. ना पुरता माजघरातला, ना पुरता अंगणातला. ओसरीवर बसलेला."

वैजयंताला आजवर एकोणीस स्थळं आली होती. त्यांतल्या एकानंही स्वतःबद्दल इतकं खरं सांगितलं नव्हतं. दार उघडलं तेव्हा बाहेर फक्त हत्यारांची पिशवी होती. मालक जिन्यानं पसार. ती पिशवी काखोटीला मारून सात मजले त्याच्यामागे पळाली. सोलापुरात बाईनं नवऱ्यामागं पळण्याची ती पहिली वेळ नसेल, पण लग्नाआधी पळण्याची बहुधा पहिलीच.

तर अशा माणसासाठी ती आता टपरीवर गेली आणि तिनं आपला बाजारातला आवाज लावला. "चारशे सतरावाले! चहा ठेवा खाली आणि आत चला! नाही आलात तर मी नावं घेऊन पुकारीन!"

चौदा पेले एकदम खाली ठेवले गेले.

पहिली बैठक तेवीस मिनिटं चालली आणि वैजयंताच्या मते तेवढ्या वेळात तिचं एक वर्ष आयुष्य कमी झालं. डॉक्टरांनी चिठ्ठ्यांवर नावं मागवली. नऊ आली. पहिलं वाचलं, "'मृदुपुरुष.' कुणाची हरकत?"

"चालेल," चौदाजण जमिनीकडे बघत म्हणाले.

"'ललित'?"

"चालेल."

"'अर्धनारी'?"

"चालेल."

नऊच्या नऊ नावं एकमतानं मंजूर झाली. दुसऱ्यानं सुचवलेल्या नावाला नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल, या धास्तीनं प्रत्येकानं प्रत्येकाला होकार दिला होता. एकानं तर स्वतःचीच चिठ्ठी आता नकोशी वाटत असूनही हात वर केला, कारण ती वाचताना डॉक्टरांचा चेहरा त्याला उतरल्यासारखा वाटला.

"एकच हवंय हो!" वैजयंता ओरडली. "एक!"

"एक पण चालेल," मल्लिनाथ पुटपुटला.

बैठक मोडल्यावर डॉ. काझींनी वैजयंताला थांबवून घेतलं. "एक सांगू? होत नाहीये ते बरं होतंय."

"डॉक्टर, मी आधीच तापलेली आहे."

"खडीसाखर कशी करतात माहितीये? साखरेचा दाट पाक करतात आणि त्यात दोरा सोडतात. दोरा नसेल तर पाक पाकच राहतो. हलवाल तसा हलतो. दोरा सोडला की साखर त्याला धरून खडे बांधायला लागते. नाव म्हणजे तो दोरा." त्यांनी भिंतीवर नकाशा लावला. "हा थवा दोनशे नऊ. पाहुणे येणार म्हटलं की यांना आनंद होतो आणि आले की कंटाळा येतो. नाव देण्याआधी बघा, ठिपके कसे पसरलेत. मोहरी सांडल्यासारखे. मग नाव दिलं, 'स्वागतभीरू'. आणि हे तीन वर्षांनंतर."

मोहरीची ढिगुली झाली होती.

"मेंदू कमालीचा आळशी असतो," डॉक्टर पुढं म्हणाल्या. "आपण आता काय करू, याचा तो सतत अंदाज बांधत असतो आणि चुकला की दुरुस्त करतो. फार दमवणारं काम आहे ते. बाहेरून तयार अंदाज मिळाला, की 'तू अमुक आहेस, अमुक असंच करतात', की तो आपला स्वतःचा अंदाज बांधायचं सोडून देतो. मी याला नामसंकोच म्हणते. हे सगळे स्वागतभीरू आता दारावर एकाच सुराची घंटा लावतात. एकच वाक्य बोलतात, 'मी स्वागतभीरू आहे, राग मानू नका.'"

"मग त्यात वाईट काय? बिचाऱ्यांना बरं वाटलं असेल."

"वाटलं ना. आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. तेच तर अवघड आहे." डॉक्टरांनी चष्मा काढला. "पाच वेळा सरकारला कळवलंय. त्यांचं म्हणणं, थवे आटोपशीर झाले की कारभाराला सोपे पडतात. तुमचा एकविसाव्या वर्षीचा ठिपका दाखवू? सडेतोड थव्याच्या अगदी कडेला आहे. दुसऱ्या एका शांतशा थव्याला लागून. आजचा मधोमध आहे."

एकवीस वर्षांची असताना आपण कशा बोलायचो, हे वैजयंतानं आठवून पाहिलं. आठवलं नाही. आणि न आठवल्याचा तिला राग आला, जसा सडेतोड माणसाला येतो तसा.

"डॉक्टर, मी एकेचाळीसची आहे. मला खडीसाखर नको आणि पाकही नको. मला नवरा हवाय."

एकोणसाठाव्या दिवशी तिला युक्ती सुचली. मल्लिनाथ बंद दाराआडून बोलतो, तर बाकीचेही बोलतील. तिनं गल्लीतून चौदा सोलापुरी चादरी मागून आणल्या, केंद्राच्या बैठकीच्या खोलीत दोऱ्या बांधल्या आणि चादरी टांगल्या. प्रत्येक चादरीमागं एक खुर्ची. कोण कुठल्या चादरीमागं बसलंय हे कुणालाच, तिलाही, कळणार नाही.

पाच मिनिटं नुसत्या खुर्च्या करकरल्या. मग धरण फुटलं.

"'मृदुपुरुष' हे नाव आहे की साबण?" लाल चादर म्हणाली.

"माझं होतं ते," मोराची चादर दुखावून म्हणाली. "आणि तुम्ही चालेल म्हणालात!"

"तोंडावर कसं नाही म्हणू?"

"हे बघा," निळी चादर मध्ये पडली, "नावात सगळ्यात आधी हे हवं की आपल्याला बायका आवडतात. माझा बेकरीचा धंदा. मी पावावर नक्षी काढतो, म्हणून माझ्या मेव्हण्यानं तीनदा माझ्यासाठी एका मुलाचं स्थळ आणलं. मुलगा खरंच चांगला होता हो. मलाच वाईट वाटलं. पण माझं मन तिकडं नाही, ते किती जणांना सांगत फिरू?"

"आणि लाजरेपणा नावात अजिबात नको," लाल चादर तापली. "मी लाजतो ते वेगळं, मला आतून बाई असल्यासारखं वाटतं ते वेगळं. माझ्या आईनं झाडूनं बिबट्या हाकललाय, तोही दोनदा! ती कधी लाजली नाही. मी आतून तिच्यासारखा आहे. बाईपण म्हणजे लाजणं, हे कुणी ठरवलं?"

"पण लाजणं काढलं," हिरव्या चादरीचा आवाज कापत होता, "तर मग मी यात उरतच नाही. माझ्याकडे दुसरं काही नाही."

"'अर्धनारी' काय वाईट?"

"अर्ध कुणी मोजलं? मी पाव असेन."

"मी पाऊण आहे, मग मी बाहेर का?"

"'बायल्या' घ्या," कोपऱ्यातून एक जाडाभरडा आवाज आला. जाड चादरीमागं एक निवृत्त फौजदार होता, हे नंतर कळलं. "चाळीस वर्षं पाठीमागं ऐकलं. निदान सवयीचं आहे."

निळी चादर हळूच म्हणाली, "नाही साहेब. ते नको. ते आपण ठेवलेलं नाही."

"मग तुम्ही ठेवा! ठेवा की!"

आणि पुन्हा सुरू. एका तासात सत्तावीस नावं पडली. प्रत्येक नावातून कुणीतरी एक बाहेर राहायचा आणि बाहेर राहिलेला जीव खाऊन भांडायचा. दीड तासानं लाल आणि मोराच्या चादरी एकमेकींकडे अशा वळल्या की मधली दोरी तुटेल असं वाटलं. अडीच तासांनी डॉ. काझींचा सातवा चहा झाला. वैजयंताचं डोकं फुटायची वेळ आली. आजवर तिला वाटायचं, ही माणसं बोलत नाहीत हा त्रास आहे. बोलायला लागल्यावर काय होतं ते आता तिला कळत होतं. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही, ती डॉक्टरांच्या आली: चौदा चादरींमागं चौदा वेगवेगळी माणसं होती.

तेवढ्यात मधल्या एका राखाडी चादरीमागून कुणीतरी, भांडण शमवावं म्हणून, अगदी हळू म्हणालं, "भांडू नका ना. आपण सगळे ओसरीवर बसलेले. कुणी दाराकडे सरकून, कुणी पायरीकडे."

वैजयंतानं तो आवाज ओळखला. ते वाक्य कुठलं तेही ओळखलं. ते तिचं होतं. बाविसाव्या आणि तेविसाव्या मजल्यांच्या मध्ये फक्त तिला मिळालेलं. क्षणभर तिच्या मनात आलं, हे इथं उघड्यावर टाकू नये. पण एकतीसच दिवस राहिले होते, आणि ती सडेतोड थव्यातली होती.

"ओसरीकर!" तिनं टेबलावर हात आपटला. "ओसरीकर, एक वार!"

चादरी थबकल्या.

"दोन वार! कुणाला बोलायचंय?"

चौदाही जण विचार करत होते. नावात पुरुष नव्हता, बाई नव्हती, अर्ध-पाव नव्हतं, लाजणं होतंही आणि नव्हतंही. "ओसरीवरून दोन्हीकडचं दिसतं," हिरवी चादर पुटपुटली. जाड चादरीमागं कुणीतरी नाक ओढलं.

"तीन वार!"

आणि चादरींआडून चौदा आवाज आले, "चालेल."

डॉ. काझींनी नाव नोंदवलं. नोंदवताना त्यांनी वैजयंताकडे बघितलं नाही.

पुढचं भराभर झालं. यंत्रानं अर्ज गिळला. लग्नात अक्षता पडल्यावर वैजयंतानं तांदळाचं ताट आपल्यापुढं ओढलं. नवरीचं नाव बदलायचं नव्हतं. ते शक्यही नव्हतं, अर्ध्या जिल्ह्याच्या कानात बसलेलं होतं. तिनं बोटातली अंगठी काढली आणि तांदळात लिहिलं, 'मालती'. मल्लिनाथ ते बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं ते ताट स्वतः उचलून आत नेलं, कुणाच्या धक्क्यानं अक्षर मोडू नये म्हणून. तो तिला 'अहो' म्हणायचा, ती त्याला 'अरे'. दोघांना तसंच आवडायचं.

राज्यातल्या सहाशेजणांचेही दिवस पालटले. हे खोटं नाही, आणि कुणाला वाटत असेल की नावानं नुकसानच होतं, तर त्यानं त्या फौजदाराला बघायला हवं होतं. तो अठ्ठावन्नाव्या वर्षी केंद्रात आला, आपलं ओळखपत्र दोन्ही हातांनी धरून रडला आणि दुसऱ्या दिवशी नाकात चमकी घालून मंडईत गेला. कुणी हसलं तर म्हणायचा, "ओसरीकर आहे मी." हसणारा गप्प व्हायचा. नावात एवढी ताकद असते.

केंद्रानं एक माहितीपत्रकही काढलं. पहिला अर्जदार म्हणून मल्लिनाथची मुलाखत त्यात सविस्तर घेतली होती, अर्थातच बंद दाराआडून. 'ओसरीकर स्त्रियांकडे समोरून न बघता शेजारी बसून बघतात. ओसरीकरांना लहानपणी तांदळाच्या ताटाचे आकर्षण असते.' असं बरंच काही.

वर्षभरानं निळ्या चादरीचा बेकरीवाला, इस्माईल तांबोळी, केकचा डबा घेऊन घरी आला. खाली बघत म्हणाला, "वहिनी, लहानपणी लग्नात गेलो की मी पंगतीला पळायचो नाही. ताटाजवळ थांबायचो. तांदळात नाव लिहितात ना, ते बघायला."

"कुणाच्या लग्नात?" वैजयंतानं विचारलं.

"आमच्या घरातल्या."

"इस्माईलभाई, तुमच्या घरच्या लग्नांत तांदळाचं ताट असतं?"

इस्माईल विचारात पडला. "नसतं," तो म्हणाला. "पण आठवतं की हो स्पष्ट."

त्यानंतर तिला सगळीकडे तेच दिसायला लागलं. बिबट्या हाकलणाऱ्या आईचा लाल चादरवाला मुलगा आता बोलताना पदर असल्यासारखा खांदा सावरायचा आणि लाजायचा. आई कशी होती विचारलं तर म्हणायचा, "साधी. हळवी." चौदांपैकी पाचजणांनी कामं सोडून लिफ्टदुरुस्ती धरली. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं. बरं वाटतं म्हणाले. आणि घरी मल्लिनाथ. आधी म्हणायचा, "मला भरलं वांगं नको वाटतंय आज." आता म्हणायचा, "आम्हा ओसरीकरांना तिखट सोसत नाही." ती म्हणायची, "अरे, तुला काय वाटतं ते सांग!" तो प्रेमानं म्हणायचा, "अहो, तेच तर सांगतोय."

तिनं एकदा ते लग्नातलं ताट शोधलं. तांदूळ धुऊन कधीच भातात गेले होते. "असू दे," मल्लिनाथ म्हणाला, "आम्हा लोकांत ते लिहितातच ना दर वेळी."

दोन वर्षांनी ती डॉ. काझींकडे गेली. या वेळी तिनं टेबलावर काही आपटलं नाही.

"दाखवा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नकाशा लावला. चारशे सतराच्या जागी एकच ठिपका होता, जरा जाडसर. "सहाशे आहेत त्यात. एकावर एक."

"माझा मल्लिनाथ कुठला?"

"ते आता यंत्रालाही सांगता येत नाही."

"दोरा काढून घेता येतो?"

"खडीसाखर खाताना निघतो बघा दोरा," डॉक्टर म्हणाल्या. "पण तोवर खडा झालेला असतो."

वैजयंता तिथून निघाली ती सरळ त्या मनोऱ्यात गेली. दुपारची वेळ होती. लिफ्टमध्ये शिरली, पंचविसावा दाबला आणि बाविसावा गेल्याबरोबर लाल बटण दाबून ती थांबवली. मग खाली बसली आणि वाट बघू लागली. पंधरा मिनिटांनी बाहेर पावलं वाजली.

"घाबरू नका हं," एक हळू आवाज आला. "मी दाराला टेकूनच बसलोय."

तिनं दाराला कान लावला. "बोलत राहा काहीतरी," ती म्हणाली.

"लहानपणी लग्नात गेलो की आम्ही पंगतीला पळायचो नाही. ताटाजवळ थांबायचो. तांदळात अंगठीनं..."

सगळं तेच होतं. तोच श्वास, त्याच त्याच जागी थांबणं. फक्त त्या आठवणीत 'मी' कुठं नव्हता. दाराआड तिचा नवरा असेल, किंवा त्या पाचांतला कुणी. आवाजावरून ओळखायचा तिनं खूप प्रयत्न केला. एके काळी चौदा चादरींतून तिनं तो क्षणात ओळखला होता. मग तिला सुचलं, की एक गोष्ट माहितीपत्रकात नाही.

"एक सांगा," ती म्हणाली. "माझ्या लग्नात मी ताटात काय नाव लिहिलं होतं?"

आवाज आनंदानं म्हणाला, "ओसरी."

वैजयंतानं डोळे मिटले. तोंडातून सवयीनं शब्द निघाले, पण इतके हळू की तिचे तिलाच ऐकू आले असतील. "एक वार... दोन वार..."

तिसरा निघेना.

"मल्लिनाथ," तिनं दाराला हात लावून विचारलं, "तूच आहेस ना रे?"

पलीकडून तो आवाज, तिचं मन मोडू नये एवढ्याच काळजीनं, म्हणाला, "तुम्हाला तसं हवं असेल, तर चालेल."